नांवें दोन, यादी एक

यादी हा शब्द फारसींतील 'याद', म्हणजे स्मरण, या शब्दावरून मराठींत आला. वाण्याकडून आणावयाच्या जिनसांची यादी, लग्नांतील आमंत्रितांची यादी, धोब्याकडे टाकलेल्या कपड्यांची यादी, या साऱ्या मनुष्याच्या स्मरणास दिलेल्या काठ्या होत. जें डोक्यांत राहणार नाहीं तें कागदावर राहावें, आणि ज्या क्रमानें लिहिलें त्याच क्रमानें पुन्हां डोळ्यांपुढें यावें, एवढीच यादीकडून अपेक्षा असते. कागदाची यादी ही अपेक्षा सहसा पुरी करते. कारण शाई एकदां वाळली म्हणजे अक्षरें आपल्या जागा सोडीत नाहींत. संगणकांतील यादीचें तसें नाहीं. ती एका आज्ञेसरशी वाढते, घटते, उलटी होते, आणि पूर्वींची खूण मागें ठेवीत नाहीं. आज पुष्कळ घरांतून मुलें-मुली संगणकास आज्ञा लिहावयास शिकत आहेत, आणि अगदीं आरंभींच्या धड्यांतच ही यादी त्यांच्या हातीं येते. तिचा स्वभाव काय, आणि तो न ओळखल्यास कोणता अनर्थ ओढवतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

नवशिक्यांस आज बहुधा जी भाषा प्रथम शिकविली जाते तिचें नांव पायथन. हें नांव ऐकून अजगराची आठवण होते खरी. परंतु तें घेतलेलें आहे 'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून. भाषेचे कर्ते गिडो व्हॅन रॉसम. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरीं गणित आणि संगणकशास्त्र यांची राष्ट्रीय संशोधनसंस्था आहे. तेथें काम करीत असतां १९८९ च्या डिसेंबरांत त्यांनीं या भाषेच्या रचनेस हात घातला, आणि १९९१ च्या फेब्रुवारींत ती लोकांपुढें ठेविली. त्याच संस्थेंत त्यापूर्वीं नवशिक्यांची सोय पाहून 'एबीसी' नांवाची एक भाषा तयार झाली होती, व तिच्यावर व्हॅन रॉसम यांनीं काम केलें होतें. तिचा सोपेपणा पायथनकडे वारशानें आला. यादी ही कल्पना अर्थात् याहून जुनी. अमेरिकेंत जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ मध्यें जी 'लिस्प' भाषा सुरू केली तिच्या नांवांतच यादी आहे. आणि १९६७ मध्यें मुलांसाठीं निघालेल्या 'लोगो' भाषेनेंहि यादी तेथूनच उचलली.

पायथनमध्यें यादी लिहिणें अतिशय सोपें आहे. चौकोनी कंस उघडावा, एकामागून एक घटक लिहावे, मध्यें स्वल्पविराम द्यावा आणि कंस मिटावा. घटक अक्षरांचा असेल तर तो अवतरणचिन्हांत घालावा. नंतर बरोबरीचें चिन्ह वापरून त्या यादीस एक नांव द्यावें. हें नांव देवनागरींत असलें तरी चालतें. २००८ मध्यें निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय झाली आहे. आज्ञांचे शब्द आणि उघडे आंकडे मात्र इंग्रजी वळणाचेच लागतात. एका लहान वर्गांत चार विद्यार्थी आहेत असें धरल्यास हजेरीच्या क्रमानें त्यांची यादी अशी होईल:

नांवें = ["सुमन", "गोविंद", "अनंत", "यमुना"]

आतां या यादींतील पहिलें नांव मागावयाचें तर एक हा आंकडा देऊन चालत नाहीं. शून्य द्यावें लागतें. शून्यावर सुमन, एकावर गोविंद, दोहोंवर अनंत, तिहींवर यमुना. पुष्कळ मुलें येथें प्रथम अडखळतात. परंतु हा आंकडा म्हणजे रांगेंतील नंबर नव्हे, तर यादीच्या आरंभापासून चालून जाण्याचें अंतर आहे, असें सांगितलें म्हणजे कोडें सुटतें. जो आरंभींच उभा आहे त्याच्यापर्यंत जाण्यास एकहि पाऊल टाकावें लागत नाहीं. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनीं १९८२ मध्यें एका छोट्या टिपणांत शून्यापासून मोजण्याची तरफदारी केली आहे. त्यांचा मुद्दा हिशेबी होता. शून्यापासून निघून चारांच्या अलीकडे थांबावें असें ठरविलें म्हणजे चारांतून शून्य वजा करतांच घटकांची संख्या मिळते. शिवाय एक तुकडा ज्या आंकड्यावर संपतो त्याच आंकड्यावर पुढचा सुरू होतो. पायथनमध्यें यादीचा तुकडा तोडण्याची रीत हीच आहे. शून्य ते दोन असें मागितलें तर सुमन व गोविंद मिळतात. दोन ते चार असें मागितलें तर अनंत व यमुना. कोणी सुटत नाहीं आणि कोणी दोनदां येत नाहीं.

यादी तयार झाली म्हणजे तिच्यावर काम करण्याच्या आज्ञा येतात. 'अपेंड' ही आज्ञा नवा घटक शेवटीं जोडते. 'इन्सर्ट' सांगितलेल्या जागीं घुसविते. 'रिमूव्ह' नांव सांगून काढून टाकते. 'पॉप' शेवटचा घटक काढते आणि काढलेला घटक हातीं देते. 'रिव्हर्स' यादी उलटी करते व 'सॉर्ट' तिला चढत्या क्रमानें लावते. नांवें देवनागरींत असलीं तर हा क्रम अक्षरांस नेमून दिलेल्या सांकेतिक आंकड्यांप्रमाणें लागतो. म्हणून क्षमा नांवाची मुलगी शेवटीं सांपडत नाहीं, तर 'क'ची सारी नांवें संपल्यावर व 'ख'च्या आधीं सांपडते, कारण क्ष हें अक्षर यंत्रास क आणि ष यांचें जोडाक्षर म्हणूनच ठाऊक आहे.

या सर्व आज्ञांचा एक समान धर्म ध्यानांत धरण्यासारखा आहे. त्या यादीची नवी प्रत काढून तिच्यावर काम करीत नाहींत. असलेली यादीच जागच्या जागीं बदलतात. 'सॉर्ट'कडून उत्तर म्हणून कांहींहि परत येत नाहीं, तें याचसाठीं. ही गोष्ट न कळल्यामुळें नवशिका 'नांवें बरोबर नांवें सॉर्ट' असें लिहून बसतो. यादीचा क्रम लागतो. परंतु 'नांवें' हें नांव त्या यादीवरून सुटून कांहींच नसल्याच्या खुणेवर जाऊन बसतें, आणि हातांतली यादी हरवते. ही चूक निदान लगेच दिसते. जी दिसत नाहीं ती अधिक घातक.

असें समजा कीं एका शाळेंतील वर्गशिक्षिका परीक्षेचें गुणपत्रक संगणकावर तयार करीत आहेत. त्यांनीं दोन याद्या केल्या. एकींत वरील चार नांवें हजेरीच्या क्रमानें, आणि दुसरींत त्याच क्रमानें गुण: ७२, ५८, ८१, ६४. म्हणजे सुमनला ७२, गोविंदाला ५८, अनंताला ८१ आणि यमुनेला ६४. सत्तर किंवा अधिक गुण मिळविणाऱ्यास फी माफ होणार आहे. फलकावर नांवें अकारविल्हे लावावयाचीं आहेत. बाई सावध आहेत. क्रम लावण्यापूर्वीं मूळ यादी राखून ठेवावी म्हणून त्यांनीं 'मूळ बरोबर नांवें' अशी एक ओळ लिहिली, आणि मगच 'सॉर्ट'ची आज्ञा दिली. अनंत, गोविंद, यमुना, सुमन असा क्रम लागला. नंतर दोन्ही याद्या शेजारीं शेजारीं ठेवून त्यांनीं गुणपत्रक छापलें. पडताळा म्हणून त्यांनीं एक उत्तरपत्रिका काढून पाहिली. ती गोविंदाची निघाली. उत्तरपत्रिकेंत ५८, गुणपत्रकांतहि ५८. बाईंचें समाधान झालें व कागद फलकावर लागला.

त्या कागदावर अनंतापुढें ७२ आहेत, यमुनेपुढें ८१ आणि सुमनपुढें ६४. नांवें हललीं, गुण जागचे हलले नाहींत. गोविंद हजेरींतहि दुसरा आणि अकारविल्हे क्रमांतहि दुसरा, म्हणून त्याचे तेवढे गुण बरोबर राहिले, आणि त्याच्यामुळेंच चूक लपली. सुमनची फीमाफी गेली. यमुनेस न मागतां मिळाली. दुसऱ्या दिवशीं सुमन विचारावयास आली म्हणजे बाई निश्चिंतपणें राखून ठेवलेली 'मूळ' यादी उघडणार. आणि पाहतात तों तिच्यांतहि अनंत पहिला व सुमन शेवटची. संगणकानें एकहि गुण खोडलेला नाहीं, एकहि अक्षर चुकविलेलें नाहीं. तरी पण कोणाचे गुण कोणते, ही आठवण संगणकांत कोठेंच उरलेली नाहीं. शिल्लक आहे ती कागदाची हजेरी आणि कपाटांतल्या उत्तरपत्रिका.

'मूळ' यादी कां बदलली, हा येथील खरा प्रश्न. पुष्कळांची अशी समजूत असते कीं नांव म्हणजे एक पेटी, आणि बरोबरीचें चिन्ह म्हणजे एका पेटींतील वस्तूची नक्कल दुसऱ्या पेटींत टाकण्याची आज्ञा. पायथनमध्यें नांव ही पेटी नव्हे. ती बांधलेली चिठ्ठी आहे. वस्तु एका जागीं असते आणि नांवाची चिठ्ठी तिला बांधलेली असते. एका वस्तूला दोन चिठ्ठ्या बांधतां येतात. 'मूळ बरोबर नांवें' या ओळीनें दुसरी यादी जन्मास आली नाहीं; आहे त्याच यादीला दुसरी चिठ्ठी बांधली गेली. एकाच मुलाला घरीं बाळ म्हणतात आणि शाळेंत विष्णु म्हणतात. न्हाव्यानें बाळाचे केस कापले म्हणजे विष्णूचे केस लांब राहिले असतील, अशी आशा कोणी करीत नाहीं.

मग शहाण्यासुरत्या माणसांची येथें फसगत कां व्हावी? याचें कारण आरंभींच्या धड्यांत आहे. मूल प्रथम आंकड्यांवर शिकतें. 'क' म्हणजे पांच असें तें लिहितें, मग 'ख बरोबर क' असें लिहितें, आणि मग 'क'मध्यें एक मिळवितें. 'क' सहा होतो. 'ख' पांचच राहतो. त्यावरून बरोबरीच्या चिन्हानें नक्कल होते, असें मूल मनाशीं ठरवितें. वास्तविक तेथेंहि नक्कल झालेली नसते. आरंभीं दोन्ही चिठ्ठ्या एकाच पांचाला बांधलेल्या होत्या. परंतु पांच हा आंकडा कांहीं केल्या सहा होऊं शकत नाहीं. म्हणून 'क'ची चिठ्ठी पांचावरून सोडून सहाला बांधली गेली, आणि 'ख'ची होती तेथेंच राहिली. आंकडा बदलत नाहीं म्हणून चुकीची समजूतहि खपून गेली. यादी बदलते, म्हणून तिच्यापाशीं ती उघडी पडते.

उपाय सोपे आहेत. खरोखर दुसरी यादी हवी असेल तर तसें स्पष्ट सांगावें. 'मूळ बरोबर नांवें कॉपी' अशी आज्ञा द्यावी, म्हणजे त्याच घटकांची एक वेगळी यादी तयार होते. शंका आल्यास यंत्रासच विचारावें. 'इज' हा शब्द दोन नांवांच्या मध्यें घातला म्हणजे दोन्ही नांवें एकाच यादीचीं आहेत कीं काय, याचें खरें-खोटें उत्तर मिळतें. जुळीं बरोबरीचीं चिन्हें निराळा प्रश्न विचारतात: दोन याद्यांतील मजकूर सारखा आहे काय? एका पुस्तकाच्या दोन प्रती सारख्या असतात, पण त्या एक नसतात. हा भेद येथें हरघडी उपयोगीं पडतो.

दुसरा उपाय म्हणजे 'सॉर्ट'ऐवजीं 'सॉर्टेड' वापरणें. नांवांत फरक थोडका, पण स्वभाव अगदीं वेगळा. 'सॉर्टेड' मूळ यादीला हात लावीत नाहीं; क्रम लावलेली नवी यादी करून हातीं देते. ही सोय पायथनमध्यें २००४ सालीं, २.४ या आवृत्तींत आली. त्यापूर्वीं आधीं प्रत काढून मग प्रतीचा क्रम लावण्याचा द्राविडी प्राणायाम करावा लागे.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा, आणि तो संगणकापूर्वींचा आहे. जें एकत्र असावयास हवें तें वेगळें लिहूंच नये. शाळेच्या जुन्या गुणपत्रकांत विद्यार्थ्याचें नांव आणि त्याचे गुण एकाच आडव्या ओळींत असत, याचें कारण हेंच. पायथनमध्यें नांव आणि गुण यांची जोडी गोल कंसांत बांधून अशा जोड्यांची यादी करतां येते. गोल कंसांतील जोडीला 'टपल' म्हणतात, आणि ती एकदां बांधली म्हणजे बदलतां येत नाहीं. मग क्रम कसाहि लावा, सुमन जेथें जाईल तेथें तिचे ७२ तिच्याबरोबर जातील. जोडी चौकोनी कंसांत बांधली, म्हणजे यादीच्या पोटांत लहान याद्या घातल्या, तर मात्र आणखी एक सावधगिरी लागते. 'कॉपी' ही आज्ञा बाहेरच्या यादीचीच प्रत काढते. पोटांतल्या लहान याद्या दोन्हींकडे त्याच राहतात. प्रतींत सुमनचे गुण खोडले तर मूळ यादींतहि ते खोडलेले दिसतात. अशा वेळीं आंतपर्यंत प्रत काढणारी 'डीपकॉपी' वापरावी लागते.

यादी जागच्या जागीं बदलते, या स्वभावाचा आणखी एक फटका नवशिक्यांस हमखास बसतो. वरील चार मुलांपैकीं गोविंद आणि अनंत गैरहजर आहेत, व यादींतून गैरहजरांचीं नांवें काढावयाचीं आहेत, असें धरा. मूल यादीवरून आरंभापासून चालूं लागतें आणि गैरहजर दिसेल त्याचें नांव तेथल्या तेथें काढतें. शून्यावर सुमन आहे; ती राहिली. एकावर गोविंद आहे, तो निघाला. तो निघतांच अनंत सरकून एकावर येतो आणि यमुना दोहोंवर. चालणारा मात्र एक पाहून झाला म्हणून दोहोंवर जातो. तेथें त्याला यमुना भेटते. अनंताकडे कोणी पाहिलेंच नाहीं. तो गैरहजर असून हजर राहिला. पंगत बसलेली असतां मधलें पान उचलून सारी रांग पुढें सरकविली, तर वाढणाऱ्याचा असाच घोटाळा होतो. म्हणून ज्या यादीवरून चालावयाचें तिच्यांतून चालतांना कांहीं काढूं नये. जे राहावयाचे त्यांची नवी यादी करावी.

इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल कीं मग बरोबरीच्या चिन्हासरशीं नक्कलच कां होऊं नये? त्याचें उत्तर काटकसरींत आहे. चार नांवांच्या यादीची प्रत काढण्यास कांहीं लागत नाहीं. परंतु लाखों नोंदींची यादी एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जातांना प्रत्येक वेळीं नकलून द्यावयाची म्हटलें तर वेळ आणि जागा दोन्ही फुकट जातील. शिवाय एकच यादी अनेकांनीं भरावी, अशी गरजहि पुष्कळदां असते. स्वयंपाकघराच्या दारामागें टांगलेल्या कागदावर घरांतलीं सारीं माणसें संपलेले जिन्नस लिहितात. तेथें प्रत्येकाचा कागद निराळा असता तर बाजाराला जाणाऱ्याचे हाल झाले असते. एक यादी आणि अनेक नांवें, हा भाषेचा दोष नाहीं. आपल्यापाशीं एक यादी आहे कीं दोन, हें लिहिणाऱ्यास ठाऊक नसणें, एवढाच काय तो दोष.

ज्या घरीं संगणक आहे आणि तो हाताळणारें मूल आहे, तेथें आज संध्याकाळीं एक लहानसा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. एक आणि दोन या आंकड्यांची 'क' नांवाची यादी करावी. 'ख बरोबर क' असें लिहावें. मग 'क'ला तीन हा आंकडा 'अपेंड' करावा. आतां 'ख' छापावयास सांगण्यापूर्वीं मुलाला विचारावें कीं काय छापून येईल. दोनच आंकडे येतील असें तें म्हणालें तर रागावूं नये. यंत्राला उत्तर देऊं द्यावें आणि तिसरा आंकडा कोठून आला, हें मुलाकडूनच काढून घ्यावें. बाळ आणि विष्णु यांची गोष्ट तेथें कामास येईल. एकदां हें त्याच्या ध्यानांत आलें म्हणजे पुढें कधीं त्याच्या हातीं परक्या मुलांचे गुण, रोग्यांचीं नांवें किंवा कामगारांचे पगार आले, तर मूळ यादीला हात लावण्यापूर्वीं तें क्षणभर थांबेल आणि तिची खरी प्रत काढून ठेवील.